रंगावरच क्लॅडिंग चिकटवू नका, आधी भिंत खरवडा

तुम्ही विचारलंय : कोल्हापुरात कळंब्याला नवीन घर घेतलंय, हॉलमधल्या टीव्हीमागच्या 10 बाय 9 फुटांच्या भिंतीला विटेचं आणि बाहेर पोर्चला काळ्या दगडाचं क्लॅडिंग (भिंतीवर चिकटवायचा पातळ तुकड्यांचा थर) करायचंय. गवंडी म्हणतोय, रंग चांगला आहे, त्याच्यावरच चिकटवू. चालेल का?

नाही चालणार. हॉलमध्ये नाही आणि पोर्चला तर मुळीच नाही.

आमच्या पोर्चला असंच केलं होतं. पहिला पावसाळा काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी जुलैत सकाळी दार उघडलं तर चार तुकडे खाली पडलेले. नशीब, पोरं तिथं खेळत नव्हती. एक तुकडा उलटा करून बघितला. अ‍ॅडेसिव्ह दगडाला घट्ट होतं, जराही सुटलेलं नव्हतं. आणि त्या अ‍ॅडेसिव्हवर आमच्या भिंतीचा पिवळा रंग पापुद्र्यासकट चिकटून आला होता. रंगामागं पुट्टीची पांढरी पूड, बोटाला लागत होती. म्हणजे दगड सुटलाच नव्हता, पुट्टी सुटली होती. कितीही महागाचं अ‍ॅडेसिव्ह आणलं असतं तरी हेच झालं असतं.

वजनाचा हिशेब एकदा करून बघा. असला दगड घनमीटरला 2,700 किलोच्या आसपास भरतो. 20 मिलिमीटर जाडी धरली तर चौरस मीटरला 54 किलो. तुमच्या हॉलएवढ्या भिंतीवर दगड लावला तर साडेचारशे किलो होतात. वीट हलकी, पण तीही रंगाच्या पापुद्र्यावर टांगायची वस्तू नाही. आपल्याकडं न्यू पॅलेस बघून लोकांना काळ्या दगडाची हौस येते, मलाही आली होती. पण 1884 साली पूर्ण झालेल्या त्या राजवाड्यात दगड हीच भिंत आहे, दगडावर दगड बसलाय. आपला दगड नुसता चिकटवलेला असतो. त्याला भिंतीनं धरलं पाहिजे.

म्हणून रंग आणि पुट्टी पूर्ण खरवडून प्लास्टर उघडं करा. पीओपी किंवा जिप्सम असेल तर तेही काढा. मग छिन्नीनं जवळजवळ टोचे मारा, तारेच्या ब्रशनं घासा, धूळ धुवून काढा. हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा; जिथं पोकळ वाजेल तिथलं प्लास्टर फोडून नवीन करा. नवीन प्लास्टरला पाणी मारणं आणि वाळणं मिळून महिनाभर तरी द्या. गवंडी घाई करेल, तुम्ही करू नका.

ओल तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतून पाण्याचे थेंब धरले तर भिंतीत ओल आहे. ती कुठून येते ते शोधून आधी बंद करा, क्लॅडिंगनं ती नुसती झाकली जाते, नाहीशी होत नाही. वर्षभरात विटेवर पांढरा खार फुटतो. 2019 किंवा 2021 च्या पुरात ज्यांच्या तळमजल्यात पाणी होतं, त्यांनी तर ही तपासणी केल्याशिवाय एक वीटही आणू नये.

अ‍ॅडेसिव्हच्या पोत्यावर टाइप छापलेला असतो. बाहेरच्या दगडाला टाइप 3 किंवा त्याच्या वरचं घ्या. बादलीत आधी पाणी, मग पावडर. कालवून पाच-दहा मिनिटं ठेवा, परत कालवा. खाचांच्या थापीनं भिंतीवर ओढा आणि दगडाच्या पाठीलाही पातळ हात मारा. पाठ आधी धुतलेली हवी, कटिंगची पूड राहिली की पकड जाते. आपल्याकडं पाच गोळे ठेवून दाबायची सवय आहे, ती करू देऊ नका. गोळ्यांमधल्या पोकळीत पावसाचं पाणी साठतं. सुरुवातीला एक तुकडा लावून लगेच उपटून बघा, पाठ सगळी भरलेली दिसली पाहिजे.

तीन-चार बॉक्स एकदम फोडून तुकडे जमिनीवर मांडून घ्या, नाहीतर भिंतीवर रंगाचे पट्टे दिसतात. फरशीवर विश्वास न ठेवता लेव्हलची रेघ मारून खालून वर या, कोपऱ्याचे तुकडे आधी. टीव्हीची वायर, पाइप आणि इलेक्ट्रिकचे बॉक्स विटेच्या जाडीइतके आधीच पुढं घ्या. ब्रॅकेटचे स्क्रू लांब हवेत, विटेतून मागच्या भिंतीत गेले पाहिजेत.

दर्जा, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी, दुसऱ्या दिवशी सिमेंटनं भरा, मेंदीच्या कोनासारख्या पिशवीनं. कापसाच्या बोळ्यानं फासलं तर सिमेंट विटेच्या छिद्रांत बसतं आणि निघत नाही. पोर्चला वरच्या कडेला कोपिंग (कड झाकणारी पट्टी) हवंच, पाणी तिथूनच मागं शिरतं. पाणी मुरू नये म्हणून वरून लावायचा सीलर चकाकी देणारा नको, आत मुरणारा घ्या. दगड डोक्याच्या बराच वर जाणार असेल तर नुसत्या अ‍ॅडेसिव्हवर सोडू नका, स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प मारून घ्या.

गवंड्याला शेवटचे पैसे देण्याआधी एक नाणं घेऊन सगळी भिंत वाजवत जा. भरीव तुकडा टणक वाजतो, पोकळ तुकडा लगेच वेगळा ऐकू येतो. अशा तुकड्यांवर खडूनं फुली मारा आणि ते त्याच्याकडूनच काढून परत लावून घ्या.