मीटिंगला ओळखीचं कोणी भेटलं तर?

*ताई, मी खानापूर तालुक्यातला, वय 41. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. पंधरा वर्षं प्यालो. गणपतीनंतर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो, तीन महिने झाले, थेंब घेतलेला नाही. सोडताना डॉक्टर म्हणाले, ग्रुपला जात राहा. पण बेळगावात गेलो तर कारखान्यातलं कोणीतरी बघणार. तिथं सगळं कन्नडमध्ये चालत असलं तर? मला कामापुरतंच येतं. आई म्हणते, माळ घाल, झालं. बायको म्हणते, पुन्हा बेवड्यांतच जाऊन बसणार का? कोल्हापूरला ग्रुप आहे म्हणे. महिन्यातून एकदा तिकडं जाऊ का?*

भाऊ, कोल्हापूरचं आधी डोक्यातून काढा. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडणार, एक महिना जाल, दुसऱ्या महिन्यात ओव्हरटाइम निघेल. तल्लफ काही महिन्याचा रविवार बघून येत नाही. ती येते पगाराच्या संध्याकाळी, गेटबाहेर चौघं थांबलेले असताना. त्या संध्याकाळी गाडीला किक मारून जिथं पोचता येईल तो ग्रुप तुमचा, मग तो कसाही असो.

आता ओळखीचं. तुम्ही पीत होतात हे फाउंड्रीत कोणाला ठाऊक नव्हतं? सोमवारचे खाडे, उसने पैसे, शिफ्टला येणारा वास. पिणं जगजाहीर होतं आणि सोडणं तेवढं लपवायचं, हे मला काही पटत नाही. तरीही धास्ती असेल तर एक माहिती उपयोगी पडेल. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या, मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. ओपन मीटिंगला कोणीही येऊन बसू शकतं. क्लोज्ड मीटिंगला फक्त स्वतःचं पिणं थांबवायचं आहे अशीच माणसं येतात. तुम्ही क्लोज्डपासून सुरुवात करा. तिथं कारखान्यातला कोणी दिसलाच, तर तोही त्याच कामासाठी आलेला असणार. पहिल्या नावावर भागतं, फी नाही, पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. बोलायची सक्तीही नाही. पहिले काही आठवडे नुसते ऐकत बसलात तरी चालतं.

ग्रुप शोधायचा कसा? सगळ्यात सोपं म्हणजे ज्या केंद्रात होतात तिथल्याच समुपदेशकाला फोन करा. बेळगावातून आलेले जुने पेशंट कुठं जातात हे त्यांना माहीत असतं. नाहीतर 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभागात चौकशी करता येईल. ए.ए.च्या भारतातल्या कार्यालयाची वेबसाइटही आहे. ग्रुपचा नंबर मिळाला की जायच्या आधी फोन करून वार, वेळ, ओपन की क्लोज्ड आणि भाषा विचारून घ्या. कन्नडची एवढी धास्ती नको. बेळगावात बोलता बोलता माणसं तीन भाषा बदलतात, आणि "काल प्यावंसं वाटलं, प्यालो नाही" हे कामापुरत्या कन्नडातही सांगता येतं. मराठीतच मन मोकळं करायचं असेल तर मोबाइलवरच्या मीटिंगा आहेत, पण त्या जोडीला. समोर बसलेल्या माणसाची सर त्यांना नाही. धर्मस्थळच्या संस्थेची मद्यवर्जन शिबिरं आपल्या भागात होतात, त्यांतून बाहेर पडलेल्यांच्या नवजीवन समित्या असतात. तुमच्या गावाजवळ असेल तर तिथंही डोकावून या.

आईचं म्हणणं मोडू नका. आपल्याकडं माळेनं कितीतरी घरं सावरलीत. पण यात्रेच्या दिवशी, पाव्हण्यांच्या घोळक्यात, मटणाच्या ताटाशेजारी बाटली येते तेव्हा कोणाला फोन करायचा, हे माळ सांगत नाही. ए.ए.त स्वतःहून मोठ्या शक्तीवर भरवसा ठेवायला सांगतात, ती कोणती हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तुम्ही विठोबा म्हणा. माळ घालून मीटिंगला बसायला कोणाची ना नाही.

आणि वहिनींना सांगा, बेवड्यांत बसणार हे खरंच आहे, फक्त हे न पिणारे बेवडे आहेत. त्या हसल्या तर बरं. पंधरा वर्षं त्यांनीही काढलीत, त्यांचा राग तीन महिन्यांत कसा जाईल? घरच्यांसाठी अल-ॲनॉन म्हणून वेगळे गट असतात, तुमच्या ग्रुपमध्ये त्याचीही चौकशी करा. तोवर 14416 वर, म्हणजे टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, त्यांना मराठीत बोलता येईल. "न सांगता दारू सोडवा" म्हणणारी पावडर मात्र घरात कोणी आणू नये. दारूबरोबर रिॲक्शन देणारं औषध असतं, पण ते पेशंटला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं. चोरून जेवणात मिसळलं आणि माणूस प्याला, तर जिवावर बेतू शकतं.

एक काळजी तुम्हीही घ्या. मध्ये घसरलात तर ग्रुप सोडू नका, दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगा. पण रोजचं पिणं पुन्हा सुरू झालं असेल, तर घरात कोंडून घेऊन एकदम बंद करू नका. हातपाय थरथरणं, फिट येणं, भास होणं हे पहिल्या दोन-चार दिवसांत होतं, त्याला दवाखानाच लागतो.

पहिल्या मीटिंगहून निघताना दोघातिघांचे मोबाइल नंबर मागून घ्या. लाज वाटेल, तरी मागा. त्यातला एक जण खानापूरच्या बाजूचा निघाला तर येता-जाता सोबतही होईल.