ताऱ्यांचे रंग आणि पोटापाण्याचा प्रश्न

नमस्कार ताई,

तुमची मुलगी साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय फिजिक्स. तिला थंड बटू तारे, म्हणजे लहान आणि मंद तारे शोधायचेत, आणि तुम्ही विचारलंय, "नुसत्या रंगावरून तारे ओळखण्यात कसलं आलंय करिअर?" प्रश्न रास्त आहे. पण आधी त्या रंगाचं बघू.

आकाशगंगेतले साधारण पाऊण तारे लाल बटू आहेत. साध्या डोळ्यांना त्यातला एकही दिसत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून स्लोन, टू-मास, गाया (ही एक अवकाश दुर्बीण) अशा आकाशाच्या सर्वेक्षणांच्या याद्या चाळायच्या. ताऱ्याची प्रत, म्हणजे तो किती तेजस्वी दिसतो याचा आकडा, दोन फिल्टरमधून मोजायची आणि एकीतून दुसरी वजा करायची. ही वजाबाकी म्हणजे रंग. तारा जितका थंड, तितका त्याचा प्रकाश अवरक्ताकडे, म्हणजे लालच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशाकडे झुकलेला. इथवर सोपं आहे. पण दूरचा लाल राक्षसी, म्हणजे फुगलेला प्रचंड तारा आणि जवळचा लाल बटू यांचा रंग जवळपास सारखाच असतो. गायाच्या मोजणीतून अंतर काढलं, त्यावरून खरी तेजस्विता काढली, की सोंग उघडं पडतं. तपकिरी बटू म्हणजे वस्तुमान कमी पडल्याने पुरते तारे न झालेले गोळे. त्यातल्या टी या थंड वर्गाची तर तऱ्हाच वेगळी. तिथे मिथेन वायू 'के' या अवरक्त पट्ट्यातला प्रकाश गिळतो, त्यामुळे 'जे वजा के' हा रंग ('जे' हा कमी तरंगलांबीचा अवरक्त पट्टा) लाल व्हायच्या ऐवजी निळसर होतो. असं का, हे मुलीला जेवताना विचारा. ताट वाळेपर्यंत बोलत राहिली, तर आवड खरी समजा.

असे अर्धवट तारे असणार हे भारतात जन्मलेल्या शिव कुमार यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच गणिताने सांगितलं होतं. खात्रीचा तपकिरी बटू सापडायला १९९५ उजाडलं. धीराचं काम आहे हे.

आता पोटापाण्याचं. एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा, पुढे पीएच.डी.साठी जेस्ट किंवा नेट या परीक्षा. पुण्यातच आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था आहेत. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, शिवाय घरभाडं. पीएच.डी.नंतर मात्र दोन-चार वर्षं परदेशी पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी, आणि कायमच्या जागा मोजक्याच. हे मी गोड करून सांगणार नाही. हाताशी राहतं ते पायथन, संख्याशास्त्र आणि लाखो नोंदींतून खोट्या नोंदी वेचून काढायची सवय. बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्या या कामाचे पैसे देतात. पण त्या भरवशावर खगोलशास्त्रात यायला सांगू नका.

निर्णय आत्ताच नको. गायाची यादी फुकट आहे, टॉपकॅट हे सॉफ्टवेअरही. दिवाळीच्या सुट्टीत तिने ४० मिलीआर्कसेकंदांहून जास्त पॅरॅलॅक्स (पृथ्वी फिरते तसा ताऱ्याच्या जागेत दिसणारा बारीक कोनाचा फरक; तो जितका जास्त, तितका तारा जवळ) असलेले, म्हणजे सुमारे ८२ प्रकाशवर्षांच्या आतले तारे काढावेत आणि रंग-तेजस्वितेचा आलेख मांडावा. बहुतेक तारे ज्यावर बसतात तो मुख्य पट्टा आणि पांढरे बटू (विझत चाललेल्या ताऱ्यांचे गाभे) यांच्या मधे काही विचित्र ठिपके दिसतील. त्यातले बरेच चुकीच्या मोजणीचे असतात. ते कुठले आणि का वगळले, हे तिने एका पानावर लिहून मला पाठवावं. आलेख नाही पाठवला तरी चालेल.