दर्शनी भिंतीसाठी पातळ पोलादी सांगाडा

प्रश्न : आमच्या बहुमजली काँक्रीट इमारतीच्या बाह्य भिंती विटांऐवजी पातळ पोलादी पत्र्याच्या सांगाड्यावर उभारण्याचे वास्तुविशारदांनी सुचवले आहे. एवढा पातळ पत्रा वाऱ्याचा जोर सोसेल का?

उत्तर : सोसेल. साधारण १ ते २ मिलिमीटर जाडीचा जस्तलेपित पत्रा थंड अवस्थेतच रुळांमधून वाकवून त्याला इंग्रजी ‘सी’ अक्षराचा आकार दिला, की त्याच पोलादाचा ताठपणा कितीतरी वाढतो. शिवाय ही भिंत इमारतीचा भार पेलत नाही, तिला वारा आणि स्वतःचे आवरण एवढेच सांभाळायचे असते. मात्र वरचा स्लॅब भाराखाली किंचित वाकतो, म्हणून सांगाड्याच्या या ‘सी’ आकाराच्या उभ्या पट्ट्यांच्या माथ्याशी सरकता जोड ठेवावाच लागतो. तो नसेल तर स्लॅबचा भार नको तिथे उतरतो आणि पट्ट्या दुमडतात.

माझ्या मते खरी काळजी वाऱ्याची नाही, उष्णतेची करावी. पोलाद लाकडाच्या शेकडोपट उष्णता वाहून नेते, त्यामुळे केवळ पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत भरलेल्या उष्णतारोधक थराची परिणामकारकता जवळजवळ निम्मी होऊ शकते आणि थंड हवेत पट्ट्यांवर दव साचण्याचा धोका राहतो. हा थर सांगाड्याच्या बाहेरून अखंड बसवावा, असा आग्रह धरा. खर्च वाचवण्यासाठी बहुधा तोच आधी वगळला जातो. आवरण दगडाचे वा विटांचे असल्यास ते वाकणे मुळीच सहन करत नाही, तेव्हा पट्ट्या अधिक ताठ घ्याव्या लागतील.