‘मला त्याचा राग आला, मॅडम’

“तो चावला तेव्हा मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. पण वाटली.”

मी समुपदेशक. व्हिडिओ कॉलवर समोरच्या बाई एवढं बोलल्या आणि कॅमेऱ्यावरची नजर काढून बाजूला कुठेतरी बघत राहिल्या. मागे कुकरची शिट्टी झाली. उठून गॅस बंद करून आल्या आणि विचारलं, “अशा मुलाचा राग येणाऱ्या बाईनं शिकवावं का?”

हा प्रश्न मला नवा नाही. विशेष शाळांतल्या शिक्षिका विचारतात. मुलांच्या आया तर सगळ्यात जास्त विचारतात, फक्त तो ओठांवर यायला त्यांना वर्षं लागतात. या बाईंना एक दिवस लागला. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून त्या दिवसाबद्दल लिहिते आहे. नाव देत नाही. त्या वर्गात दिवसभर त्यांना ‘बाई’ एवढंच नाव होतं.

जानेवारी 2022चा शेवट. कोरोनाची तिसरी लाट पुरती ओसरली नव्हती, पण 24 तारखेपासून राज्यात शाळा पुन्हा उघडायला परवानगी मिळाली होती. बाई डी.एड. झालेल्या. आधी एका खासगी शाळेत होत्या. पहिल्या लॉकडाऊनमध्ये पगार निम्मा झाला आणि पुढे नोकरीच गेली. ओळखीतून निरोप आला, की विशेष शाळेतल्या एक बाई पॉझिटिव्ह आल्या आहेत, दहा-बारा दिवस बदलीवर याल का? विशेष मुलांना शिकवायचं प्रशिक्षण वेगळं असतं, पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, हे बाईंना ठाऊक होतं आणि संस्थेलाही. पण दुसरं कुणी मिळत नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, “शिकवायचं काही नाही हो, नुसतं सांभाळायचं. पुण्याचं काम आहे.”

या वाक्याकडे मी परत येणार आहे.

वर्गात सहा मुलं. आजारी बाईंचा फोन बंद, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, आणि मुलांचे चित्रांचे तक्ते त्या कपाटात. प्रत्येक मुलाची वहीही तिथेच. बदलीच्या बाईंच्या हाती काय आलं? हजेरीपट, कपाळाजवळ धरायची तापमान मोजायची बंदूक, सॅनिटायझरची बाटली आणि “मास्क कुणाचा निघू द्यायचा नाही” अशी तंबी. स्वतः त्यांनी एन-95 लावलेला, वर फेस शील्ड. घरी सासूबाईंना मधुमेह, त्यामुळे धास्ती होतीच.

निळ्या स्वेटरमधला मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न, बोलणं जवळजवळ नाहीच. प्रार्थना झाली आणि तो दाराकडे निघाला. बाईंनी आणून बसवलं. परत निघाला, परत बसवलं. पाचव्या वेळी त्याने मास्क ओढून फेकला. बाईंनी एका हाताने त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्याने मास्क लावायला गेल्या. तेव्हा तो चावला. त्या ओरडल्या, “बस खाली!” बाकीची पाचही मुलं दचकली, एक रडायला लागली.

मदतनीस मावशी आल्यावर बाई नळावर गेल्या. हातावर दातांची कमान उठली होती, अर्ध्या बांगडीसारखी. साबण लावून त्या हात धूतच राहिल्या. रक्त आलं नव्हतं, तरीही. “मॅडम, मी चावा धूत नव्हते. त्याला धूत होते. ते मूल मला नकोसं झालं होतं.”

हे सांगायला त्यांना चाळीस मिनिटं लागली.

आता ते ‘पुण्याचं काम’. विशेष शिक्षिकेला, दिव्यांग मुलाच्या आईला लोक हे कौतुकाने म्हणतात, आणि मला ते ऐकवत नाही. काम म्हटलं की त्यात कौशल्य येतं, साधनं येतात, थकवा येतो, चूकही येते. पुण्य म्हटलं की एवढं सगळं गळून पडतं आणि उरते फक्त ममता. मग चावल्यावर कळ गेली, राग आला, तर ते पाप ठरतं. दुखलं की अंगातून राग उसळतो. तो मूल बघून उसळत नाही, दुखणं बघून उसळतो. बाईंना मी एवढं सांगितलं आणि त्यांचा चेहरा जरा सैलावला.

पण दिलासा द्यायची घाई करायची नसते. सुरुवातीच्या वर्षांत मी ती करायचे. म्हणून विचारलं, “मनगट किती जोरात धरलं होतंत?”

बाई गप्प.

“वळ उठला?”

“थोडा लाल झाला होता.”

“आईला सांगितलंत?”

नव्हतं सांगितलं. चाव्याची नोंद वहीत झाली होती, मनगटाची नाही. मी म्हटलं, राग आला याची माफी कुणाकडे मागायची नाही. मनगट मात्र सांगायचं, उद्याच, आईला आणि मुख्याध्यापकांना दोघांनाही. जे मूल घरी जाऊन सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत हे आपल्यालाच सांगावं लागतं.

मास्कचं तेव्हाच उलगडून सांगितलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच महिन्यात काढलेल्या सूचनेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची शिफारसच नव्हती. सहा ते अकरा वयात मुलाला नीट वापरता येत असेल तर, आणि मोठ्यांच्या देखरेखीत. म्हणजे ज्या मास्कवरून झटापट झाली, त्याचा एवढा आग्रह धरायचं कारण नव्हतं. खिडक्या उघड्या ठेवणं जास्त कामाचं होतं. चाव्याने कातडी फाटली असती तर डॉक्टरांना दाखवणं, धनुर्वाताचं इंजेक्शन बघणं हे करावं लागलं असतं.

मग त्यांच्याकडून कागदावर तीन रकाने करून घेतले: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. विशेष शिक्षणात हे रोजचं असतं, त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. दुसरा आणि तिसरा रकाना भराभर भरला. पहिल्यात पाचही वेळा एकच: ‘दाराकडे निघाला.’

“दाराबाहेर काय आहे?”

“काही नाही. व्हरांडा. मुतारीकडे जातो, पण त्याला लागली नव्हती, मावशींनी नेऊन आणलं होतं.”

कोडं मला सुटलं नाही. ते सुटलं दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर. बाईंनी त्याच्या आईला मनगटाचं सांगितलं. आईने मुलाची बाही वर करून बघितली, खाली केली. मग म्हणाली, “बाई, काल घंटा न्हाई वाजवली व्हय त्यानं?”

व्हरांड्याच्या टोकाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. प्रार्थनेनंतरचे टोल तो द्यायचा. त्याच्या बाईंनी शाळा सुरू होताच हे काम त्याला परत लावून दिलं होतं. सगळ्या शाळेला माहीत होतं, म्हणूनच कुणी सांगितलं नाही. आदल्या दिवशी शिपायाने टोल दिले.

“रातभर चमच्यानं ताट वाजवत हुता,” आई म्हणाली. 22 मार्च 2020ला संध्याकाळी पाचला सगळ्या गल्लीने थाळ्या वाजवल्या, तेव्हापासूनची ही सवय. दुसऱ्या दिवशी गल्ली थांबली, हा थांबला नाही. पुढे कित्येक महिने रोज पाच वाजता ताट. शेजारच्यांनी भांडणं काढली, नवऱ्याने ताट लपवलं, आणि तिच्या दंडावर दोन वर्षांत तीन चावे. “मला बी राग येतो, बाई,” ती म्हणाली. “कुणाला सांगायचं?”

त्या दिवशी त्याने टोल दिले आणि येऊन बसला. अकरा वाजता डबा भिरकावला. बाईंनी तोही रकान्यात लिहिला. कारण आजतागायत कळलेलं नाही. मनगटाचं ऐकून मुख्याध्यापक नाराज झाले, पण कपाटाची किल्ली मागवून घेतली. आमची आणखी दोन सत्रं झाली. दुसऱ्यात बाई जास्त करून नोकरीबद्दल आणि सासूबाईंच्या साखरेबद्दल बोलल्या, जे बरंच होतं.

बदलीचे दिवस संपले तेव्हा त्यांनी सहा मुलांची सहा पानं लिहून ठेवली, पुढे कुणी असंच अचानक आलं तर हाताशी असावीत म्हणून. एका पानाचा फोटो मला पाठवला. अक्षर फळ्यावरचं, टपोरं. वर लिहिलं होतं: ‘प्रार्थनेनंतर घंटा. तीन टोल. झाले की हातोडी त्याच्या हातातून काढून घेऊ नये. तो स्वतः ठेवतो, जरा वेळ लागतो.’