पोळ्या लाटता लाटता लेक्चर

प्रश्न: ताई, नमस्कार. मी बदलापूरला राहते, वय ३६, ठाण्यात एका पतसंस्थेत अकाउंट्सला आहे. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत, घरात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात त्यामुळे त्यांच्याकडून कामाची अपेक्षा नाही. लग्नाआधी बीकॉम झालं होतं, मागच्या वर्षी हिंमत करून इग्नू या मुक्त विद्यापीठात एमकॉमला अ‍ॅडमिशन घेतली. लेक्चर्स मोबाईलवर बघते, सकाळी पोळ्या करताना फोन डब्याला टेकवून ठेवते, पण खरं सांगू का, अर्धं डोक्यात जातच नाही. रात्री बसावं तर साडेदहाला डोळे मिटतात. असाइनमेंट कशाबशा दिल्या, जूनला फक्त २ पेपर दिले, बाकीचे राहिले. यांना विचारलं तर म्हणतात तू कर ना, मी कुठे नको म्हणतोय. सासूबाई म्हणतात या वयात कशाला. सोडून देऊ का? आणि वेळ कुठून काढू?

उत्तर: अगं, आधी पेपरांचं बोलू, कारण ते तुझ्या मनात उगाच मोठं होऊन बसलंय. तू २ पेपर दिलेस म्हणजे २ पेपर झाले, नापास झालीस असं कुणी म्हटलेलं नाही. इग्नूत काही पेपर राहिले म्हणून पुढच्या वर्षाची नोंदणी अडत नाही, परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोनदा असतात, राहिलेले पुढच्या वेळी दे. आणि २ वर्षांची ही पदवी पूर्ण करायला ४ वर्षं मिळतात. हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं पण माहितीपत्रक वाचतो कोण, मी पण नव्हतं वाचलं.

आता जरा हिशेब मांडू, तू अकाउंट्सवाली आहेस, तुला आवडेल. इग्नूच्या हिशेबात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. पदव्युत्तर पदवी साधारण ८० क्रेडिटची धरली तर झाले २४०० तास. २ वर्षांत करायचं तर आठवड्याला २३ तास, म्हणजे रोज सव्वातीन तास. नोकरी, लोकल, दोन मुलं, सासूबाई हे सगळं करून रोज सव्वातीन तास कुठून आणणार होतीस? तेच ४ वर्षांत पसरलं तर आठवड्याला साडेअकरा होतात. सोमवार ते शनिवार दीड दीड तास आणि रविवारी अडीच, झालं. म्हणजे तू आळशी नाहीस, तू ४ वर्षांचं काम २ वर्षांत कोंबायला गेलीस आणि ते मावलं नाही.

पण दीड तास तरी कुठून, हा तुझा खरा प्रश्न. इथे मला तुझ्या पत्रातलं ते वाक्य खटकलं, 'मी कुठे नको म्हणतोय'. असे नवरे मी बरेच पाहिलेत, चांगले असतात बिचारे, परवानगी देतात आणि पेपर वाचत बसतात. परवानगीने पोळ्या होत नाहीत गं. तुला घरातलं एक काम पूर्णपणे अंगावरून उतरवायला हवं. 'जमेल तशी मदत कर' असं सांगून काही होत नाही, काम नेमून दे. उदाहरणार्थ धाकट्याचा गृहपाठ आणि दप्तर हे रोज बाबांकडे, त्यात वही हरवली तरी बाबांनीच शोधायची, तू उठायचं नाही. पोळ्यांना आठवड्यातले ४ दिवस बाई लाव किंवा पोळीभाजी केंद्रातून आण, त्याचे पैसे फीचाच भाग समज. सासूबाईंचे गुडघे दुखतात, हात दुखत नाहीत, बसून भाजी निवडायला आणि नातवाचे पाढे ऐकायला त्या तयार होतील असं मला वाटतं. मात्र हे तू सांगू नकोस, त्यांच्या मुलाला सांगू दे.

आणि रात्रीचा नाद सोड. माझा मुलगा ३ वर्षांचा असताना मी बाहेरून एमए करत होते, रात्री ११ ला ओट्याशेजारी स्टूल टाकून वाचायला बसायचे आणि सकाळी बघावं तर त्याच पानावर. एकदा तर दुधाच्या भांड्याखाली जर्नलची वही सापडली. शेवटी पहाटे साडेचारला उठायला लागले, तेव्हा कुठे जमलं. तुला पहाट जमत नसेल तर ऑफिस सुटल्यावर तिथेच टेबलावर पाऊण तास थांब, साहेबांना विचारून, घरी पोचलीस की संपलं. ट्रेनमध्ये वाच असं मी म्हणणार नाही, असं सांगणाऱ्यांनी आधी बदलापूरहून सकाळची ८ ची लोकल पकडून दाखवावी. फार तर लेक्चर कानात लाव, तेही आधी एकदा वाचलेल्या धड्याचं. पोळ्या करताना तू बघतेस ना, ते उलटं होतं, नवीन धडा आणि तापलेला तवा, दोन्ही बिघडणारच.

असाइनमेंटला ३० टक्के वजन असतं, परीक्षेला ७०. म्हणून आधी असाइनमेंट मनापासून लिही, ती लिहिताना निम्मा अभ्यास होतो, नेटवरून उतरवून काढलीस तर तो गेला. पुस्तकं इग्नूच्याच ई-ज्ञानकोश या साइटवर फुकट आहेत, जुन्या प्रश्नपत्रिका इग्नूच्या साइटवर. डिसेंबरला ३ पेपर घे, जास्त नको. सोडायचं की नाही ते डिसेंबरनंतर ठरव, आत्ता थकलेल्या डोक्याने नको.

प्रश्न: मॅडम, माझी बायको नाशिकला शाळेत शिकवते, तिला ऑनलाइन एमए करायचंय. माझे मोठे भाऊ म्हणतात अशा डिग्रीला बाजारात किंमत नसते, पैसे वाया जातील. खरं काय? आणि मी काय करू?

उत्तर: भाऊसाहेबांना सांगा, इग्नू १९८५ पासून आहे आणि तुमच्याच गावचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून, हा काल-परवाचा प्रकार नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या तोडीचीच आहे हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. मात्र पैसे भरण्याआधी त्या विद्यापीठाला नेमक्या त्याच कोर्सची परवानगी आहे का हे यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या साइटवर बघा, फोनवर 'आजच सीट बुक करा' म्हणणाऱ्या काउन्सेलरच्या बोलण्यावर जाऊ नका. २०२४ पासून प्रवेशाला डीईबी आयडी, म्हणजे याच ब्युरोचा ओळख क्रमांक, लागतो, तो आधी काढून ठेवा. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या पदव्या अशा पद्धतीने मिळत नाहीत, कोणी देतो म्हटलं तर तिथून निघा.

आणि तुम्ही काय करू विचारलंत म्हणून बरं वाटलं. वरचं पत्र वाचा, तिथलं बाबांचं काम तुम्हालाही लागू आहे. आणि परीक्षेच्या पंधरा दिवसांत पाहुणे आले तर चहा तुम्ही ठेवा.