गौरव करायचा, की गौरव पाहायचं?

म्हापशाहून एका ताईंनी विचारलं आहे: शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे मराठीतून प्रार्थना होती. तिथे "देवाचं गौरव पाहता पाहता आपलं रूपांतर होतं" असं वाक्य कानावर पडलं. गौरव तर सत्काराच्या कार्यक्रमात करतात, तो पाहायचा कसा? तिथेच कुणी "प्रभूची महिमा" म्हणालं, ते बरोबर का? आणि हे रूपांतर म्हणजे धर्मांतरच का?

महिम्याचं उत्तर चटकन देता येतं. मराठीत महिमा पुल्लिंगी आहे: नामाचा महिमा, तीर्थाचा महिमा, आणि म्हणून प्रभूचा महिमा. मूळ संस्कृत 'महिमन्' पुल्लिंगीच आहे. हिंदीत तो स्त्रीलिंगी झाला आणि हिंदी भक्तिगीतांच्या वाटेने 'ची महिमा' आपल्याकडेही रुळू लागली आहे. मराठी बायबलमध्ये १९वं स्तोत्र सुरू होतं ते "आकाश देवाचा महिमा वर्णिते" असं. तेव्हा 'चा'च म्हणावं.

गौरवाची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. मराठीत हा शब्द दोन लिंगांत वावरतो आणि लिंगाबरोबर अर्थही बदलतो. "शिक्षकांचा गौरव झाला" यातला 'तो गौरव' म्हणजे माणसांनी केलेला सन्मान. मराठी बायबल मात्र "त्याचे गौरव आम्ही पाहिले" असं लिहितं, तिथे 'ते गौरव' आहे, संस्कृतासारखं नपुंसकलिंगी. ते कुणी दिलेलं नाही, ज्याचं त्याच्यापाशी मुळातच आहे. ताईंना वाक्य खटकलं ते यामुळे. रोजच्या बोलण्यात आपल्याला फक्त 'तो' भेटतो. उपासनेच्या भाषेत 'ते' अजून जिवंत आहे.

'ते गौरव' म्हणजे काय, हे शब्दाच्या पोटात शिरलं की कळतं. गुरु म्हणजे जड, त्याचं भाववाचक गौरव. लघुचं लाघव, तसं गुरुचं गौरव. आयुर्वेदात अंग जड वाटण्याला आजही गौरव म्हणतात. अष्टसिद्धींतली गरिमा याच कुळातली. आता हिब्रू पाहा. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागात, देवाच्या गौरवाला 'कावोद' शब्द आहे आणि त्याचा धातूही 'जड असणे' हाच. "मी जड जिभेचा आहे" असं इस्राएली लोकांचा नेता मोशे देवाला सांगतो, तिथे जडपणाला याच धातूतला शब्द येतो. यकृतालाही हिब्रूत याच धातूवरून नाव आहे. एकमेकींशी नातं नसलेल्या दोन भाषांनी थोरवीला वजनाचा शब्द द्यावा, याचा मला मनापासून आनंद होतो. गौरव हा शब्द ज्यांनी मराठी बायबलसाठी निवडला, त्यांनी हिब्रूशी याहून जवळचं नातं क्वचितच जोडलं असेल.

हे वजन केवळ व्युत्पत्तीत राहत नाही. शलमोन राजाने बांधलेल्या मंदिराचं समर्पण झालं तेव्हा देवाचं कावोद मंदिरात इतकं भरून राहिलं, की याजकांना सेवेला उभं राहवेना. त्याआधी रानातल्या निवासमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूतही, तसंच झालं आणि खुद्द मोशेला आत पाऊल टाकता आलं नाही. सन्मानाने कुणी असं मागे सरत नाही, पेलवत नाही अशा अस्तित्वाने सरतो. येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिताना 'गौरवाचा भार' असा शब्दप्रयोग केला आहे. तो लिहीत होता ग्रीकमध्ये, पण मन हिब्रू होतं. ग्रीकमधला 'डॉक्सा' हा शब्द आधी 'मत', 'लौकिक' एवढ्याच अर्थाचा होता. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्याला कावोदच्या जागी बसवलं आणि त्या शब्दाचं आयुष्यच बदललं.

मग प्रचलित मराठी भाषांतरात सगळीकडे गौरवच का नाही? मोशे देवाला विनवतो, "मला तुझे तेज दाखव". मूळ शब्द कावोदच, पण मराठीत तेज. मला ही निवड योग्य वाटते, कारण पुढच्याच अध्यायात मोशेचं तोंड तेजाने झळकतं. काही ठिकाणी वैभव येतं. आज वैभव म्हटलं की बंगला आणि दागिने डोळ्यांपुढे येतात, पण हा शब्द विभूपासून झाला आहे आणि विभू म्हणजे सर्वत्र भरलेला. यशया संदेष्ट्याच्या दर्शनात सराफीम नावाचे देवदूत तीनदा 'पवित्र' म्हणून गातात की सारी पृथ्वी त्याच्या कावोदने भरली आहे. त्या भरलेपणाला वैभव हा शब्द मुळाच्या अर्थाने किती नेमका आहे! इथे आपल्या गोव्याचा एक दाखला हवाच. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेजुईत (येशूसंघाचा) धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने मराठीत, ओवीछंदात, क्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली सासष्टीतल्या राचोलला रोमी लिपीत छापलं गेलं. त्याचे पहिलेच शब्द आहेत "ओं नमो विश्वभरिता". विश्व भरून असलेल्याला नमन. यशयाने जे ऐकलं, ते या माणसाने आपल्या संतकवींच्या घाटणीत एका संबोधनात बसवलं.

आता वापराचं. कुठे कोणता शब्द, हे ठरवताना मी क्रियापदाकडे पाहतो. गायचा, वर्णायचा असेल तर महिमा. द्यायचं असेल तर गौरव. ख्रिस्तजन्माच्या रात्री देवदूत "ऊर्ध्वलोकी देवाला गौरव" म्हणतात, तसं. पाहायचं असेल तर तेज, किंवा ते नपुंसकलिंगी गौरव. हा काही व्याकरणाचा नियम नाही, पण कान याला साक्ष देतो.

आणि उपासनेचा सगळा गाभा या क्रियापदांच्या फरकात आहे असं मला वाटतं. ख्रिस्ती उपासनेत दोन्ही चालतं, देवाला गौरव देणं आणि देवाचं गौरव पाहणं. माणूस पालटतो तो पाहण्याने. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या मुख्य वेदीपुढे उभं राहिलं की हे समोर दिसतं. जेजुईतांचं ब्रीद आहे 'देवाच्या अधिकाधिक गौरवासाठी', म्हणजे देण्याचं, राबण्याचं. पण त्या सोनेरी वेदीवर त्यांचे संस्थापक संत इग्नाती कसे घडवले आहेत? मान वर करून, येशूच्या नामाक्षरांच्या पदकाकडे टक लावून. त्या पदकाच्याही वर त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. नुसतं तिथल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीचं दर्शन घेऊन परतणाऱ्यांनी क्षणभर त्या मूर्तीची नजर कुठे लागली आहे ते जरूर पाहावं. आपण मराठीत 'दर्शन घेणं' आणि 'दर्शन होणं' असं वेगळं बोलतो. इग्नातींच्या त्या चेहऱ्यावर दुसरं आहे.

पाहण्यातून पालटणं हे वाक्य मूळचं पौलाचं, करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटचं. तिथलं ग्रीक क्रियापद आरशावरून केलेलं आहे आणि त्याचे दोन अर्थ लागतात: आरशात पाहणे, किंवा आरशासारखं प्रतिबिंब पाडणे. विद्वानांचा यावर जुना वाद आहे. मराठी भाषांतराने प्रतिबिंबाचा अर्थ घेतला. मला दोन्ही एकत्र धरावेसे वाटतात. त्या काळी आरसे काचेचे नव्हते, घासून लख्ख केलेल्या काशाचे होते आणि करिंथ तर काशाच्या कामासाठी नावाजलेलं. असा पत्रा उजेडाकडे वळवला तरच उजळतो; त्याच्यापाशी स्वतःचा उजेड नसतो. पौलाने आच्छादन काढण्याची गोष्ट आधी सांगितली, ती यासाठीच. मोशे चेहऱ्यावर पडदा घेत असे. आता तो नको, तोंड उघडं ठेवून पाहा, असं त्याचं म्हणणं आहे.

पुढचा शब्द रूपांतर. ग्रीक क्रियापद नव्या करारात फक्त चार ठिकाणी येतं. दोनदा डोंगरावर येशूचं रूप शिष्यांदेखत पालटलं तिथे (६ ऑगस्टचा सण त्याचाच), आणि दोनदा पौलाच्या पत्रांत, तुमच्या-आमच्यासाठी. जो शब्द ख्रिस्तासाठी, तोच सामान्य भक्तासाठी वापरण्याचं धाडस पौलाने केलं! रोमकरांना लिहिताना ते क्रियापद कर्मणी आज्ञार्थात आहे आणि मराठी भाषांतराने ते फार सुंदर उतरवलं आहे: "रूपांतर होऊ द्या". 'करा' नाही, 'होऊ द्या'. म्हणूनच मला परिवर्तनापेक्षा रूपांतर आवडतं. परिवर्तन आपण घडवून आणतो, समाजात, व्यवस्थेत. त्या शब्दाला कर्ता लागतो. रूपांतर होतं. मोशे डोंगर उतरून आला तेव्हा आपला चेहरा झळकतो आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, असं बायबलच्या निर्गम या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. खाली उभ्या असलेल्या लोकांना ते दिसलं आणि ते जवळ यायला भ्याले.

धर्मांतराचं विचारलंत, ते स्वाभाविक आहे. गोव्यात त्या शब्दाला १६व्या शतकाचा इतिहास चिकटलेला आहे आणि दोन्ही शब्दांच्या शेवटी तेच 'अंतर' आहे, म्हणजे 'दुसरा'. पण धर्मांतरात माणूस एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जातो. पौलाचं पत्र आधीपासून ख्रिस्ती असलेल्यांना, रोज उपासनेला बसणाऱ्यांना आहे. त्यांचं अजून पालटायचं बाकी आहे, असं तो सांगतो. शिवाय या रूपांतरातलं रूप परकं नाही. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला असं बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात आहे, म्हणजे पालटून जे यायचं ते मूळचंच. त्यामुळे बोलताना 'रूप पालटलं' म्हटलं तर अर्थ अधिक नीट पोचतो आणि धर्मांतराशी गल्लतही होत नाही. डोंगरावरच्या प्रसंगाला मराठी बायबलनेही 'पालटले' हेच क्रियापद वापरलं आहे.