डिस्कचे बांध कुठे घालावेत?

प्रश्न : आमच्या अंबाजोगाईच्या ग्रंथालयात जुनी पुस्तके आणि नियतकालिके स्कॅन करून लिनक्सच्या संगणकावर साठवतो. १ टीबीच्या डिस्कवर तीन पार्टिशन आहेत : सिस्टिमसाठी १०० जीबी, स्कॅनसाठी ३०० जीबी आणि उरलेले बॅकअपसाठी. स्कॅनचा भाग भरला आहे आणि शेजारचा बॅकअपचा भाग निम्मा रिकामा आहे. आता २ टीबीची नवी डिस्क आणली आहे. एलव्हीएम वापरावे, असे एकाने सुचवले. ते पार्टिशनपेक्षा वेगळे कसे?

उत्तर : आपली अडचण बांधाची आहे. पार्टिशन म्हणजे डिस्कवरचा सलग पट्टा. त्यामुळे स्कॅनचा पट्टा वाढवायचा तर बॅकअपच्या पट्ट्याची सुरुवातच पुढे सरकवावी लागते, म्हणजे त्यातील सगळी माहिती उचलून दुसरीकडे मांडावी लागते. आपल्याकडे बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. इथे दावा होत नाही, पण मध्येच वीज गेली तर माहिती मात्र जाते.

लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजमेंट, म्हणजेच एलव्हीएम, या पद्धतीत जागा सलग असावी ही अटच राहत नाही. एक किंवा अनेक डिस्क (अथवा त्यांवरील पार्टिशन) 'फिजिकल व्हॉल्यूम' म्हणून नोंदवायच्या, त्यांचा मिळून एक 'व्हॉल्यूम ग्रुप' करायचा आणि त्या सामायिक साठ्यातून हवे तेवढे 'लॉजिकल व्हॉल्यूम' काढायचे. साठा लहान समान तुकड्यांत मोजला जातो. नेहमीच्या मांडणीत एक तुकडा ४ एमबीचा असतो. कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर आहे याची नोंद एलव्हीएम ठेवते, त्यामुळे व्हॉल्यूम वाढवताना शेजाऱ्याला हात लावावा लागत नाही. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस ही फाइल सिस्टिम (म्हणजे व्हॉल्यूमवर फाइली मांडण्याची पद्धत) असेल तर काम चालू असतानाही ती वाढवता येते.

कमी करणे मात्र इतके सोपे नाही. ईएक्सटी४ आधी अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून बाजूला काढावी लागते, आणि एक्सएफएस कमी करण्याचा मार्ग तर धरूच नये. म्हणून सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकू नये. ग्रुपमध्ये काही जागा मोकळी ठेवावी. स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची स्थिती जपणारी नोंद, घ्यायचा झाल्यासही तीच उपयोगी पडते.

आता माझा सल्ला, जो आपल्या मित्राच्या सल्ल्याहून थोडा वेगळा आहे. नव्या डिस्कवर एलव्हीएम जरूर करावे, परंतु जुनी डिस्क त्याच ग्रुपमध्ये मिसळू नये. दोन डिस्कवर पसरलेल्या व्हॉल्यूममधील एक डिस्क बिघडली, तर सहसा संपूर्ण फाइल सिस्टिमच निकामी होते. साध्या एलव्हीएममध्ये दुसरी प्रत आपोआप तयार होत नाही. शिवाय मूळ फाइली आणि त्यांचा बॅकअप एकाच डिस्कवर असणे म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावणे होय.

तेव्हा नव्या डिस्कवर ग्रुप करून स्कॅनसाठी सध्या ८०० जीबीचा व्हॉल्यूम काढावा, फाइली तिथे नक्कल करून त्या उघडतात की नाही हे तपासावे, आणि त्यानंतरच जुन्या डिस्कवरील स्कॅन व बॅकअप यांची पार्टिशन मोडून तेथे एकच मोठे बॅकअप पार्टिशन करावे. ते साधे राहिले तरी चालेल. पुढे स्कॅन ८०० जीबीच्या वर गेले, तर 'एलव्हीएक्स्टेंड' ही आज्ञा लहान 'आर' या पर्यायासह दिली की व्हॉल्यूम आणि फाइल सिस्टिम दोन्ही एकदम वाढतील. पण तोवर बॅकअपसाठीही मोठी डिस्क घ्यावी लागेल, याची तरतूद ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात आताच करून ठेवावी.